काकांनी नळावरून आखलेली हद्द

दुसऱ्या महायुद्धात रशियानं जर्मनीला कसं हरवलं हे अख्ख्या सोलापुरात एकाच माणसाला नीट कळलं होतं, आणि तो माणूस सात रस्त्याच्या मागे आमच्या चाळीत, माझ्या खोलीच्या बरोबर समोर राहायचा. बाकीच्या जगाचं म्हणणं असं, की रशियन थंडीमुळे जिंकले, किंवा त्यांच्याकडे माणसं फार होती म्हणून, किंवा शूर होते म्हणून. समोरचे काका ही तिन्ही कारणं ताटावरची माशी वारावी तशी वारून टाकायचे. "थंडी काय एकट्या जर्मनावर पडत हुती व्हय? रशियनाला घाम येत हुता काय?" असं विचारून ते समोरच्याला आधी गप्प करायचे आणि मग खरं कारण सांगायचे. "बाई, त्यांनी हद्दी बदलल्या. कोन कुनाच्या हाताखाली, ते बदललं. पाट्या बदलल्या. मग जिंकले. त्याच्या आदी न्हाय."

मला युद्धात काडीचा रस नव्हता. मी शिवणक्लास चालवायची. खोलीत दोन मशिनी, एक लांब कटिंगचं टेबल, दुपारी दहा-बारा मुली आणि सणासुदीला ब्लाउजांचा ढीग. नवरा मिलमध्ये पाळीवर. एवढ्या धबडग्यात जर्मनीचं काय झालं याची चौकशी करायला मला फुरसत नव्हती. पण काकांना ऐकणारं माणूस लागायचं आणि मी काम करताना जागची हलायची नाही, त्यामुळे मी त्यांना सोयीची पडले. 'फ्रंट' म्हणजे चार-पाच सैन्यं एका सेनापतीच्या हाताखाली देऊन केलेला मोठा गट, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की माझ्या क्लासच्या मुलीसुद्धा काजं करता करता ते म्हणून दाखवायच्या.

काका मूळचे वळसंगचे. रेल्वेत मालधक्क्यावर कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कधीतरी त्यांचं ऑफिस एका झोनमधून काढून दुसऱ्या झोनला जोडलं गेलं. माणसं तीच, टेबलं तीच, पंखाही तोच; फक्त दारावरची पाटी आणि कागदांच्या डोक्यावरचं नाव बदललं. बाकीच्यांनी नवे शिक्के घेतले आणि ते कामाला लागले. काकांनी मात्र साहेबांना विचारलं, "साहेब, पाटी बदलली, मग आमी बदललो का न्हाय?" साहेब हसले म्हणे. काका हसले नाहीत. या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता ते एका जुन्या पुस्तकांच्या गाडीवर रशियन युद्धाच्या पुस्तकाशी येऊन थांबले, आणि तिथून पुढं त्यांचं आयुष्य त्याच रुळावरून गेलं.

त्यांच्याकडे तीन भाषा होत्या. काकूंशी कानडी, चाळीशी सोलापुरी, आणि रशियाचा विषय निघाला की एकदम रेडिओवरच्या बातम्यांची मराठी. "च्या लई गोड झालाय की गं" असं म्हणणारा माणूस पुढच्याच श्वासाला "यानंतर सोव्हिएत सेनेच्या सर्वोच्च नेतृत्वाने रचनेत आमूलाग्र फेरबदल करण्याचा निर्णय घेतला" असं म्हणायला लागला, की काकू कपबशी उचलून आत जायच्या. काकूंना मराठी सगळी समजायची, पण या भाषेत आपल्यासाठी काही नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या काळी रशियन मासिकं फार स्वस्त मिळायची. कागद जाड, गुळगुळीत, रंगीत. ती वाचणारे थोडे आणि त्यांची वह्या-पुस्तकांना कव्हरं घालणारे फार. काकांच्या ओळीत शेवटच्या खोलीत एक पोस्टमन राहायचे, त्यांना सगळी चाळ पोस्टमनभाऊ म्हणायची. त्यांच्या चौथीतल्या मुलीच्या गणिताच्या पुस्तकाला जे कव्हर होतं त्यावर एका लेखाची मधली दोन पानं होती. रशियन सैन्य एका भल्या मोठ्या नदीच्या काठाशी येऊन उभं होतं आणि पुढचा मजकूर आतल्या बाजूला खळीनं चिकटवलेला. काकांनी तिला बदली म्हणून खाकी कागद देऊ केला, वर गोळ्या देऊ केल्या. मुलगी बधली नाही. "परीक्षा होईपर्यंत कव्हर काढायचं नाही, बाईंनी सांगितलंय," म्हणाली. काका रोज संध्याकाळी तिच्या दारात जाऊन "बाळ, गनित झालं का तुजं?" असं विचारायचे आणि त्या मुलीला वाटायचं, काकांना आपल्या अभ्यासाची केवढी काळजी. सैन्य नदीपलीकडे गेलं, हे जगाला कळून तीस वर्षं होत आली होती. काकांना ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कळलं. त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले. कशाचे, हे कुणी विचारलं नाही. मुलगी पास झाली होती, त्याचे असतील असं सगळ्यांनी धरलं.

वाचून गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. काकूंच्या फळीवर मसाल्याचे बारा डबे होते. एका सेनापतीच्या हाताखाली बारा सैन्यं दिली तर त्याला झेपत नाहीत, असं म्हणून काकांनी फळीचे दोन भाग केले, एक फोडणीचा फ्रंट, एक मसाल्याचा, आणि प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावली. काकूंनी चिठ्ठी कधी वाचलीच नाही. तीस वर्षं त्यांचा हात डावीकडून दुसऱ्या डब्यात जायचा, तसाच गेला, आणि आमटीत मिठाऐवजी मूठभर पिठीसाखर पडली. काकांनी ती आमटी भाकरीशी चवीनं खाल्ली आणि हात धुताना जाहीर केलं, "फेरबदलानंतरचा पहिला हल्ला फसतोच. त्यांचाबी फसला हुता." काकू म्हणाल्या, "साकु." म्हणजे, पुरे झालं. कानडीतला हा एकच शब्द सगळ्या चाळीला यायचा, आणि तो सगळ्यांना काकूंकडून आला होता.

माझ्या टेबलावरही त्यांचं आक्रमण असायचं. बोलता बोलता ते माझा खडू उचलायचे आणि टेबलावर रेघा मारायला लागायचे. एकदा तर मेंदीच्या रंगाच्या एका ब्लाउजच्या पाठीवर त्यांनी अख्खी नदी काढली, तिच्या अलीकडे तीन फ्रंट, पलीकडे जर्मन. मी घाईत तो तुकडा तसाच शिवला. गिऱ्हाईक बाई परत आल्या, "ह्या रेघा कसल्या हो?" म्हणून. मी म्हटलं, नवीन फॅशन आहे, धुतल्यावर जाते. काकांना मात्र मी त्या दिवशी सांगून टाकलं, "यापुढे तुमचं युद्ध वर्तमानपत्रावर. माझ्या कापडावर नाही."

"बरं," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन आले.

त्यांच्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट मात्र वेगळी होती. ती ते रेडिओच्या भाषेत कधी सांगायचे नाहीत. वळसंगच्या भाषेत सांगायचे, खाली बघून. स्टालिनग्राडची. "बाई, तितं आदी चूक केली त्यांनी. दोन फ्रंट केले आनि दोगांमदली हद्द नेमकी शहराच्या मदनं काढली. अर्दं शहर ह्याचं, अर्दं त्याचं. शत्रू दारात आनि हे इचारत्यात, ही गल्ली तुमची का आमची? मग अक्कल आली. दोनी एकाच सेनापतीच्या हाताखाली दिले. त्यानं मरमर करून शहर धरलं. फुडं जर्मन येढ्यात घावले. आता फकस्त शेवटचा घाव ऱ्हायला. आनि तवा वरनं हुकूम आला. येढ्याचं काम एकाच्याच हाती पायजे, म्हनून शेजारच्या तिसऱ्या फ्रंटवाल्याला दिलं. ह्याची सैन्यं काढून त्याला दिली. ह्याच्या फ्रंटची पाटी बदलली आनि ह्याला दुसरीकडं धाडलं."

"मग?"

"मग काय. जिंकले की."

"आणि त्याला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं म्हंत्यात," काका म्हणाले, आणि उठून गेले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आहे आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना पटणार नाही. आमच्या चाळीपुरतं सांगायचं तर दोन ओळी, प्रत्येक ओळीत बारा बिऱ्हाडं, मधे अंगण, आणि अंगणात मधोमध एक नळ, जो कोरडा पडला होता. दर तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला टँकर यायचा. अंगणापर्यंत तो शिरायचा नाही. बाहेरच्या बोळात, वळणापलीकडे उभा राहायचा आणि तिथून लांब पाइप आत आणावा लागायचा. पाइप आला की घागरींवर घागरी आदळायच्या. बायका बायकांच्या झिंज्या धरायच्या बाकी राहिल्या होत्या. अर्धं पाणी भांड्यांत आणि अर्धं मातीत. शेवटी चाळीची बैठक झाली आणि कुणीतरी म्हणालं, काका रिकामे आहेत, त्यांना सांगा काहीतरी व्यवस्था लावायला.

रिकामे! त्या माणसानं कित्येक वर्षं याच निरोपाची वाट पाहिली होती. दुसऱ्या दिवशी भर उन्हाळ्यात ते रेल्वेचा काळा कोट घालून अंगणात उभे. मिशा कातरलेल्या, गळ्यात नवी कोरी शिट्टी, हातात माझा खडू. त्यांनी डावी ओळ पोस्टमनभाऊंच्या हाताखाली दिली आणि उजवी ओळ अक्कांच्या. अक्का म्हणजे माझ्या शेजारच्या तेलुगू विणकर घरातल्या थोरल्या बाई. आवाज असा, की माग चालू असला तरी वर ऐकू यायचा. शिवाय प्रत्येक सेनापतीवर देखरेखीला आणखी एक माणूस नेमला आणि दोघांनी मान डोलावल्याशिवाय घागर भरायची नाही असा हुकूम काढला. पहिल्या टँकरला असं झालं, की एक मान डोलवायचा आणि दुसरा विचार करायचा. टँकरवाला ओरडायला लागला, "आवं, पानी भरताय का लगीन जमवताय?" काकांना जराही वाईट वाटलं नाही. "ऑक्टोबर बेचाळीसमध्ये त्यांनीही ही दुहेरी सही रद्द केली होती," असं आनंदानं सांगून त्यांनी देखरेखवाले काढून टाकले. त्यांच्या प्रत्येक फजितीला रशियात एक जुना दाखला असायचा, त्यामुळे त्यांची फजिती कधी व्हायचीच नाही.

खरी अडचण पुढं होती. नळ कुणाच्या ओळीचा यावरून चाळीत जुनं भांडण होतं. आता काकांनी न्याय म्हणून अंगणाच्या मधोमध, बरोबर नळावरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चुन्याची रेघ ओढली. इकडं उजवी, तिकडं डावी. आणि नळाजवळ, रेघेवरच, चार विटांवर एक मोठं पिंप ठेवलं. म्हातारी माणसं, आजारी, बाळंतिणी, ज्यांना रांगेत येता येत नाही त्यांच्यासाठी ते राखीव. अक्कांची सून आठ दिवसांची बाळंतीण होती. तिचं पाणी याच पिंपातून जायचं. काकांनी दोन्ही सेनापतींना लेखी हुकूम दिला: आधी पिंप भरावे, ते भरल्यावर पाइप आपल्या ओळीकडे घ्यावा. पिंप भरेपर्यंत पाइप कुणी धरायचा, हे दोन्ही कागदांवर नव्हतं. स्टालिनग्राडची गोष्ट मला दहा वेळा सांगणाऱ्या माणसानं हद्द नेमकी नळावरून काढली, हे त्या वेळी त्याच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही.

टँकर आला. पाइप पिंपात सोडला. पोस्टमनभाऊ आपल्या रांगेत घागरी सरळ करायला गेले. त्यांना वाटलं, पाइप अक्का बघतायत. अक्का आपल्या रांगेत एका बाईला मागं ढकलत होत्या. त्यांना वाटलं, भाऊ बघतायत. टँकरवाला बोळाच्या तोंडाशी चहाला गेलेला. पिंप भरलं, वाहायला लागलं, खालची माती मऊ झाली, एक वीट सरकली आणि ते भरलेलं पिंप आडवं झालं. पाइप सुटला आणि सापासारखा अंगणभर फिरला. सगळे त्याच्यामागं धावले, आणि बोळात जाऊन टँकरचं पाणी बंद करायचं कुणाला सुचेपर्यंत निम्मा टँकर जमिनीत गेला होता. जिथं कित्येक महिन्यांत थेंब पडला नव्हता तिथं चिखल झाला. चिमण्या आल्या. चोवीस बिऱ्हाडं रिकामी भांडी घेऊन त्या चिखलाकडं बघत उभी राहिली.

अक्कांनी पदर खोचला. "काका," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता, "सून बाळंतीण हाय माजी. तिला आता काय, रशियाचं पानी देऊ?"

काळ्या कोटात, चिखलात बूट रुतलेले, काका उभे होते. मी दाखल्याची वाट पाहिली. बेचाळीस, त्रेचाळीस, कुठलं तरी साल आता येईल. आलं नाही. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली, घरात गेले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या, दोन्ही हातांत घरातल्या भरलेल्या दोन कळश्या. त्या अंगण ओलांडून अक्कांच्या घरी ठेवून आल्या. त्या दोन कळश्यांवर त्यांच्या घराला तीन दिवस काढायचे होते.

दुसऱ्या दिवशीही दार बंदच. पोरं दारावरून जाताना "फ्रंट! फ्रंट!" ओरडायची. मला असली नाटकं आवडत नाहीत, आणि परवा टँकर येणार होता. मी क्लास लवकर सोडला आणि गेले. काका भिंतीला पाठ लावून बसले होते. पुस्तकं दोरीनं बांधून कोपऱ्यात ठेवलेली.

"पाटी काढा म्हनावं आमची," म्हणाले.

"पाटीचं नंतर बघू. काका, कापड मधून फाटत नाही. शिवणीत उसवतं. हे माझ्या क्लासच्या पहिल्या आठवड्यात सांगते मी पोरींना. दोन तुकडे नुसते कडेला कड लावून जोडले की उसवणारच. शिवणीच्या आत दोन्हीकडून बोटभर जादा कापड सोडावं लागतं. त्याला माया म्हणतात. तुम्ही ती सोडलीच नाही. वर शिवण आणली ती नेमकी पाण्यावर."

काकांनी मान वर केली. मग उठले, माझ्या हातातला खडू घेतला, फरशीवर दोन चौकोन काढले, मधली रेघ काढली, ती तळहातानं पुसली. "शिवनीत," ते स्वतःशीच म्हणाले. "जर्मनाचं त्यांनी हेच केलं की. जितं दोन फौजा जोडल्या हुत्या, तितंच दनका दिला. आनि म्या माजीच शिवन..." खिशातून शिट्टी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"हे तुमी करायचं."

"मला क्लास आहे."

"म्हनूनच. तुमास्नी कापायचं कळतं. दोन दोन सेनापती न्हाई पायजेत आता. एकाच्याच हाती पायजे."

"आणि तुम्ही?"

"बोळात टँकरपाशी एक मानूस लागतोय. व्हॉल्व्ह उगडाय-मिटाय. त्यो च्याला जातोय, त्याच्या भरवशावर न्हाय ऱ्हायचं. तुमी शिट्टी मारा, मी बंद करतो."

मी शिट्टी घेतली. टँकर परवाच होता. विचार करायला वेळ नव्हता.

पुढची व्यवस्था अगदी साधी होती, आणि ती मी लावली असं सगळे म्हणत असले तरी निम्मी त्यांचीच होती. फरशीवर बसून आम्ही दोघांनी ती आखली. माणसांची रांग बंद. भांडी दुपारी दोनलाच लावून ठेवायची, प्रत्येक बिऱ्हाडाच्या भांड्याला माझ्याकडची रंगीत चिंधी बांधलेली. पाणी आलं की अंगणात फक्त चार बाया; बाकीच्यांनी आपापल्या उंबऱ्याच्या आत. पिंप माझ्या दाराशी, पक्क्या फरशीवर, आणि पाइपला सतत दोन हात, एक डाव्या ओळीतला, एक उजव्या. माझी शिट्टी एकदा वाजली की बंद, दोनदा वाजली की चालू. पहिल्या दिवशी अक्का आणि पोस्टमनभाऊंची बायको एकाच पाइपला धरून उभ्या राहिल्या, एकमेकींकडं न बघता. तिसऱ्या टँकरपर्यंत त्या सुनेच्या दुधाबद्दल बोलायला लागल्या होत्या. पाणी सांडलं नाही. तो सगळा उन्हाळा सांडलं नाही.

काका बोळात असायचे. वळणापलीकडे, उन्हात, डोक्यावर टॉवेल, दोन्ही हात व्हॉल्व्हच्या लोखंडी चाकावर. माझी शिट्टी वाजली की चाक फिरायचं, एका क्षणाचाही उशीर नाही. टँकरवाला त्यांना "साहेब" म्हणायला लागला होता. सगळं आटोपल्यावर ते आत यायचे, अंगणाच्या मातीकडं बघायचे, ओली आहे का कोरडी, आणि घरी जायचे. रशियाच्या पुस्तकांची दोरी त्यांनी सोडली, पण चाळीत तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कुणी मुद्दाम छेडलं तर "काम करा की," एवढंच.

पुढच्या वर्षी पाणी आलं, नळ वाहायला लागला, आणि गणपतीत चाळीच्या मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, हार. पाहुणे म्हणाले की बाईंनी चाळीला तारलं. मला बोलायला सांगितलं. भाषण मला येत नाही. मी म्हटलं, सगळ्यांनी साथ दिली, आणि खाली बसले. मागच्या रांगेत, खांबाला टेकून, काका टाळ्या वाजवत होते. इतरांच्या थांबल्यावरसुद्धा दोन-तीन जास्त वाजल्या. तेव्हा मला ते आठवलं: शहर धरून ठेवणारा सेनापती, बदललेली पाटी, शेजाऱ्याला दिलेला शेवटचा घाव. एक नाव घ्यायला मला किती वेळ लागला असता? पण तोवर माइक दुसऱ्याच्या हातात गेला होता, आरतीची घाई होती, आणि मग ते राहूनच गेलं. मी आळशी बाई नाही. राहून गेलेलं काम मला रात्रंदिवस टोचतं. हे काम मी चार-पाच वर्षं ठेवलं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला काका वळसंगला निघाले. काकूंचे गुडघे गेले होते, गावात घर होतं. सामान एका टेम्पोत मावलं. पुस्तकांचे गठ्ठे, बारा डबे, तो काळा कोट. अक्कांनी शेंगाची चटणी बांधून दिली. पोस्टमनभाऊंची मुलगी आता मोठी झाली होती. तिनं जपून ठेवलेलं गणिताच्या पुस्तकाचं कव्हर आणून काकांच्या हातात दिलं. काका त्यावरून हात फिरवत उभे राहिले.

मला निरोपाचं काही बोलता येत नाही. मी म्हटलं, "काय काका, फ्रंट मागं घेताय?"

"मागं कुटं? पाटी बदलली फकस्त." मग हळूच म्हणाले, "तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं बगा. आदी त्यांच्या फ्रंटांना मागं ऱ्हायलेल्या मुलखाची नावं असायची. मग बदलली, फुडं जो मुलूख घ्यायचाय त्येची दिली. वळसंग आता फुडचा मुलूख."

तेव्हा मी विचारलं. उशीर झाला होता, पण विचारलं. "काका, त्या उन्हाळ्यात, तिकडं बोळात उभं राहताना, तुम्हाला वाईट वाटायचं का?"

मला वाटलं, आता रेडिओची मराठी येणार. आली नाही.

"वाटायचं की," ते म्हणाले. "तितनं अंगन दिसत न्हवतं." टेम्पोच्या दांडीला धरून ते वर चढले, काकूंच्या शेजारी बसले, आणि म्हणाले, "पन शिट्टी ऐकू यायची."

टेम्पो सुरू झाला. मी घरात गेले, टेबलाच्या खणात रिळांखाली हात घातला आणि शिट्टी काढली. बाहेर येईपर्यंत टेम्पो बोळाच्या वळणाशी पोचला होता. मी एकदा वाजवली. जोरात. टेम्पोवाल्यानं गचकन ब्रेक मारला आणि मान बाहेर काढून ओरडला, "काय ऱ्हायलं का, बाई?"

मी हातानंच त्याला जा म्हटलं. आणि काकांनी, मागं न बघता, उजवा हात खिडकीबाहेर काढला, आणि व्हॉल्व्हचं चाक बंद करतात तसा फिरवला.